स्कॅन करणारे पुष्कळ आहेत, सूची करणारे मिळत नाहीत

प्रश्न थोडक्यात असा आहे: "एम.ए. इतिहास झालंय, मोडीचा प्राथमिक वर्ग केलाय, संगणक बऱ्यापैकी येतो. घरचे म्हणतात बी.एड. कर. अभिलेखागार, वारसा, डिजिटल ह्युमॅनिटीज (संगणकाच्या मदतीने इतिहास-साहित्याचा अभ्यास) या क्षेत्रांत खरंच पोटापाण्याचं काम मिळतं का? आणि आत्ता काय शिकावं?"

उत्तर आधीच देते. कायमच्या नोकऱ्या थोड्या आहेत. काम मात्र भरपूर आहे, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत ते वाढलंय. त्यातही सगळ्यात जास्त तुटवडा आहे तो सूची करणाऱ्या माणसाचा. मोडी वाचणारे मिळतात, स्कॅनर चालवणारे मिळतात, इतिहासावर तासभर बोलणारे तर गल्लोगल्ली मिळतात. पण कागद हातात घेऊन तो कुणाचा, कुणाला, कधीचा, कशाबद्दलचा आणि कुठल्या दप्तरातला हे चार ओळींत बिनचूक लिहून देणारा माणूस शोधायला गेलं की आम्ही सगळे एकमेकांना त्याच त्याच पाच-सात जणांचे नंबर देतो.

हे असं का झालं ते सांगते. डिजिटायझेशनच्या नावाने जो पैसा आला, सरकारी असो वा खासगी, तो बहुतेक स्कॅनिंगवर गेला. निविदा निघते, पानामागे दर ठरतो, एजन्सी मुलं बसवते आणि पानं मारली जातात. शेवटी संस्थेच्या हातात एक हार्ड डिस्क येते. तिच्यात आयएमजी ०००१ पासून सुरू होणारी हजारो चित्रं असतात आणि त्यात काय आहे हे कुणालाच सांगता येत नाही. रुमाल, म्हणजे कागदांची कापडात बांधलेली गाठोडी, सोडून बघायचे तेव्हा निदान वरची चिठ्ठी दिसायची, आता तीही गेली. स्कॅनिंगला मुदत असते, मोजता येणारा आकडा असतो, उद्घाटनाला दाखवायला पडदा असतो. सूचीला यातलं काहीच नाही, म्हणून तिची तरतूद अंदाजपत्रकात शेवटी येते आणि आधी कापली जाते. पण संस्थांना आता कळू लागलंय की सूची नसलेली हार्ड डिस्क म्हणजे नुसतं ओझं. काम तिथे आहे.

सूची म्हणजे नेमकं काय करावं लागतं, ते एका उदाहरणाने दाखवते. समजा पेशवेकालीन एक पत्र आलं. शेवटी तारीख आहे: "छ ५ मोहरम, सलास सबैन मया व अलफ". छ म्हणजे चंद्र, म्हणजे चांद्र महिन्यातला दिवस; साल अरबी अंकशब्दांत. सलास म्हणजे ३, सबैन ७०, मया १००, अलफ १०००. म्हणजे सुहूर सन ११७३. त्यात ५९९ मिळवले की १७७२. नवशिका इथेच थांबतो. मोहरम हा हिजरीचा पहिला महिना, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीचा, असं धरून १७७२ चा एप्रिल लिहून मोकळा होतो. पण सुहूर सन मृगसाल आहे, सूर्य मृग नक्षत्रात गेला की बदलणारं; ते त्या काळात जूनच्या सुरुवातीला सुरू व्हायचं. म्हणजे ११७३ हे साल जून १७७२ ते जून १७७३ असं चालतं, आणि या अवधीत येणारा मोहरम १७७३ च्या मार्च-एप्रिलमधला, हिजरी ११८७ चा. पत्राची खरी तारीख मार्च १७७३ ची अखेर.

एका वर्षाने काय बिघडतं? थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला वारले. एप्रिल १७७२ लिहिलंत तर पत्र माधवरावांच्या कारकिर्दीत पडलं, मार्च १७७३ लिहिलंत तर नारायणरावांच्या. पुढचा अभ्यासक तुमच्या सूचीवर विसंबून शोध घेणार, आणि ज्या पेटीत ते पत्र नाही तिथे दिवस घालवणार. म्हणून जंत्री, म्हणजे जुन्या तारखा इसवीत बदलण्याची कोष्टकं, लावायला शिका आणि नोंदीत दोन्ही लिहा, कागदावर आहे तशी तारीख आणि शेजारी चौकटी कंसात इसवी तारीख. शंका असेल तर प्रश्नचिन्ह द्या. प्रश्नचिन्ह असलेली नोंद मला आवडते. ज्या यादीत एकही प्रश्नचिन्ह नाही ती मी पहिल्यापासून पुन्हा तपासते.

तारखेनंतरची गोष्ट म्हणजे क्रम. इतिहासाच्या विद्यार्थ्याला कागद दिले की तो लगेच विषयवार लावायला घेतो, लढाया इकडे, वतनं तिकडे. हे करू नका. कागद ज्या घरात, ज्या कार्यालयात, ज्या क्रमाने जमले तो क्रम हाच अर्धा पुरावा असतो. पेशवे दप्तराचंच बघा. इंग्रजांनी इनामांची चौकशी करायला १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार दिले, त्या कामासाठी ठिकठिकाणचे कागद पुण्यात आले आणि महसुली सोयीने लावले गेले. आज तिथे रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, चिटणिशी अशा विभागांत काम करताना तुम्हाला दोन गोष्टी कळाव्या लागतात: मूळ कारभारात तो कागद का तयार झाला, आणि नंतरच्या कारकुनाने तो तिथे का ठेवला. ही जाण वर्गात येत नाही, रुमाल सोडून आणि पुन्हा बांधून येते. रुमाल पुन्हा नीट बांधता येणं हेही कौशल्यच आहे, हसू नका. पुडक्यांचा क्रम बदलून बांधलेला रुमाल पुढच्या माणसासाठी हरवल्यातच जमा असतो.

आता नोकऱ्यांकडे येऊ.

राज्याचं पुराभिलेख संचालनालय ही पहिली जागा सगळ्यांच्या तोंडी असते. मुंबईचं अभिलेख कार्यालय १८२१ पासूनचं, काळाघोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत. पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथेही कार्यालयं आहेत. पदं निघतात तेव्हा जरूर अर्ज करा, पण जाहिरातीची वाट बघत वर्षं घालवू नका. त्यापेक्षा महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ वाचा. केंद्राचा असाच कायदा १९९३ चा आहे. सरकारी कार्यालयांनी आपले कागद कसे सांभाळायचे, कुठले किती वर्षं ठेवायचे, नष्ट करायचे तर कुणाला विचारून, हे त्यात आहे. जिल्हाधिकारी कार्यालयांचे अभिलेख कक्ष, महापालिका, विद्यापीठं, सहकारी बँका यांना या कामात मदत हवी असते आणि ती कुठून आणायची ते त्यांना ठाऊक नसतं. सरकारी कागद लावण्याची सहा गठ्ठे पद्धत आणि ते किती काळ ठेवायचे याची अ, ब, क, ड वर्गवारी समजलेला इतिहासाचा पदवीधर तिथल्या हेडक्लार्कला देवासारखा वाटतो.

दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची अभिलेख प्रशिक्षण संस्था एका वर्षाची पदव्युत्तर पदविका देते, शिवाय जतन, रेकॉर्ड व्यवस्थापन असे छोटे अभ्यासक्रमही आहेत. माझ्या मते वर्षभर दिल्लीला राहणं जमत असेल तर ही पदविका आपल्याकडच्या बऱ्याच नव्या, चकचकीत अभ्यासक्रमांपेक्षा जास्त उपयोगी पडते. घरबसल्या करायचं असेल तर त्यांचं अभिलेख पटल हे पोर्टल उघडा आणि तिथल्या नोंदी नुसत्या शोधू नका, वाचा. कुठली नोंद उपयोगी आहे, कुठली निरुपयोगी आणि का, हे दोन आठवड्यांत कळायला लागेल.

मोडीचं सांगायचं तर आधी कुणबी नोंदींबद्दल बोलावं लागेल, कारण गेल्या काही वर्षांत मोडी वाचकाला सर्वांत जास्त मागणी त्यानेच आणली. सप्टेंबर २०२३ मध्ये मराठा-कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी दप्तरं उघडली. गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुकं, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरं, हक्कनोंदणीची पत्रकं. त्यातलं पुष्कळसं मोडीत. मराठवाड्यात निजामाचं राज्य असल्याने उर्दू आणि फारसीही, त्यामुळे या तिन्हीपैकी दोन येणाऱ्याला तिथे खूप किंमत आहे. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेतल्यावर तिथली धावपळ आणखी वाढली.

हे काम करा, पण दोन गोष्टी ध्यानात ठेवून. एक, एकोणिसाव्या शतकातलं कोतवाल बुक हे मोडीतलं सोपं वाचन आहे. रकाने ठरलेले, शब्द ठरलेले. ते सहा महिने वाचलं म्हणजे अठराव्या शतकातलं चिटणिसांच्या हातचं मोडी अक्षर वाचता येईल असं नाही. माणसं तिथेच अडकतात, कारण पैसा रोजचा असतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. लिप्यंतराखाली तुमची सही असते. ती जात पडताळणी समितीपुढे जाते, वाद झाला तर न्यायालयात. समोर बसलेल्या कुटुंबाला एक विशिष्ट शब्द हवा असतो, आणि अक्षर पुसट असतं. तिथे "अवाच्य" लिहायचं. खाडाखोड दिसली तर "खाडाखोड आहे" असंही लिहायचं. माणूस नाराज होऊन जाईल, जाऊ द्या. एकदा का अमुकतमुक हवं ते वाचून देतात अशी ख्याती झाली की कुठलीही संशोधन संस्था तुम्हाला दारात उभं करणार नाही.

खासगी आणि संस्थात्मक अभिलेखागारं ही मला सगळ्यात आशादायक जागा वाटते, आणि आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना ती सगळ्यात कमी माहीत असते. विक्रोळीला गोदरेज आर्काइव्हज आहे, पुण्यात टाटा सेंट्रल आर्काइव्हज, रिझर्व्ह बँकेचं अभिलेखागारही पुण्यातच. चित्रपटांसाठी लॉ कॉलेज रस्त्यावरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासूनचं. ते २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात (एनएफडीसी) विलीन झालं. मुंबईत फिल्म हेरिटेज फाउंडेशन चित्रपट जतनाच्या कार्यशाळा घेतं. स्त्रियांच्या मौखिक इतिहासासाठी स्पॅरो ही संस्था १९८८ पासून आहे. बंगळूरूला एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन संस्थेचं, विज्ञानाच्या इतिहासाचं अभिलेखागार आहे, त्याची सूची करण्याची पद्धत आणि शिकाऊ लोकांना शिकवण्याची पद्धत दोन्ही बघण्यासारख्या आहेत. इथे मोडी लागत नाही. इथे लागतं ते विसाव्या शतकातली कार्यालयीन फाइल वाचणं, फोटोंच्या मागचं लिहिलेलं जपणं, निवृत्त कामगाराची मुलाखत नीट घेणं आणि तिच्या वापराची लेखी परवानगी घेणं. वर आयसॅड-जी हे वर्णनाचं आंतरराष्ट्रीय मानक आणि अ‍ॅटमसारखं सूची ठेवण्याचं मोफत सॉफ्टवेअर. हे दोन्ही महिनाभरात स्वतःचं स्वतः शिकता येतं. शिकवणीला पैसे घालू नका.

डिजिटल ह्युमॅनिटीज या नावाखाली आपल्याकडे दोन प्रकारचे लोक जमतात. एक, ज्यांना संगणक येतो आणि कागद येत नाही. दुसरे, ज्यांना कागद येतो आणि एक्सेलची भीती वाटते. मधल्या माणसाला काम आहे. मोडीला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या लिप्यांच्या जागतिक मानकात, २०१४ साली जागा मिळाली, आता फॉन्टही आहेत. २०२५ मध्ये आयआयटी रुरकीच्या गटाने मोडी कागदांची चित्रं आणि त्यांची देवनागरी लिप्यंतरं असा संच आणि त्यावर शिकवलेलं मॉडेल जाहीर केलं. ट्रान्सक्रिबससारख्या हस्ताक्षर वाचणाऱ्या प्रणालीही आहेत. हे ऐकून बरेच मोडीवाले घाबरले. घाबरण्यासारखं काही नाही, उलट पुढची दहा वर्षं मागणी वाढणार आहे. यंत्राला शिकवायला माणसाने वाचलेली हजारो पानं लागतात, आणि यंत्राने वाचलेलं तपासायलाही माणूसच लागतो.

यंत्र कुठे अडतं ते कळलं की तुमची जागा कुठे आहे तेही कळतं. मोडीत शब्द तोडत नाहीत, ओळ सलग वाहते. ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत. "मौ॥" म्हणजे मौजे हे यंत्र शिकेल, पण "त॥" इथे तर्फ (गावांचा गट) आहे की आणखी काही, हे त्या प्रांताची गावं माहीत असल्याशिवाय माणसालाही ठरवता येत नाही. म्हणून माझा सल्ला असा की एका प्रांताचे व्हा. एक-दोन परगणे घ्या, त्यातली गावं, देशमुख-देशपांड्यांची घराणी, देवस्थानं, पेठा सगळं तोंडपाठ करा. गावांच्या नावांचा एक साधा तक्ता बनवा: कागदावरचं रूप, आजचं नाव, तालुका, अक्षांश-रेखांश. हा तक्ता म्हणजेच तुमचा डिजिटल ह्युमॅनिटीजचा पहिला प्रकल्प. त्याला कुणाची परवानगी लागत नाही, अनुदान लागत नाही. आणि तो जर तुम्ही इतरांना वापरायला खुला केलात तर लोक तुम्हाला शोधत येतात. रीतसर शिक्षणच हवं असेल तर जादवपूर विद्यापीठाची स्कूल ऑफ कल्चरल टेक्स्ट्स अँड रेकॉर्ड्स ही आपल्या देशातली या विषयातली जुनी आणि भक्कम जागा आहे. रवींद्रनाथांच्या सगळ्या हस्तलिखितांचं आणि आवृत्त्यांचं 'बिचित्रा' हे संकेतस्थळ त्यांनी २०१३ मध्ये केलं. एकदा शांतपणे बघा, म्हणजे मराठीत काय काय व्हायचं राहिलंय ते दिसेल.

केंद्राच्या ज्ञान भारतम् मोहिमेबद्दलही खूप विचारणा होते. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ती जाहीर झाली, एक कोटीहून जास्त हस्तलिखितांचं सर्वेक्षण आणि जतन असं तिचं उद्दिष्ट आहे. पण लक्षात घ्या, तिचा भर पोथ्यांवर आहे. पोथीची सूची आणि दप्तराची सूची ही दोन वेगळी शास्त्रं आहेत. पोथीला संस्कृत-प्राकृत लागतं, पुष्पिका, म्हणजे पोथीच्या शेवटी लिहिणाऱ्याने दिलेली माहिती, वाचावी लागते, एकाच ग्रंथाच्या प्रती ओळखाव्या लागतात. महानुभाव पोथ्यांसाठी सांकेतिक लिप्या शिकाव्या लागतात. नुसत्या मोडीच्या भांडवलावर तिथे जाऊन निराश होऊ नका. परदेशी अनुदानांत ब्रिटिश लायब्ररीचा संकटग्रस्त अभिलेखांचा कार्यक्रम २००४ पासून चालू आहे. तिथे एखाद्या संग्रहाची आधी पाहणी करायलाही पैसे मिळतात, मात्र इथली एक संस्था जोडीला असायला हवी. आणि मूळ कागद देशाबाहेर न्यायचे नसतात, हे संग्रह मालकाला पहिल्याच भेटीत सांगा, नाहीतर दुसरी भेट होत नाही. ऑक्टोबर २०२३ च्या सायबर हल्ल्यात ब्रिटिश लायब्ररीच्याच सेवा महिनोन्‌महिने बंद पडल्या होत्या. डिजिटल प्रत स्वतःजवळही ठेवा, हे मालकाला पटवायला एवढं उदाहरण पुरतं.

लोकांसाठीच्या इतिहासाचं काय? जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी स्थापत्य' म्हणून १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, ११ आपल्याकडचे आणि तमिळनाडूतला जिंजी. त्यामुळे फलक, माहिती केंद्रं, मार्गदर्शकांचं प्रशिक्षण, ऑडिओ सफरी हे सगळं निघणार, निघतंयही. व्यवहारातली एक गोष्ट सांगते, ती कुणी सांगत नाही. अशा कामाचा ठेका प्रदर्शन रचनाकाराला किंवा वास्तुविशारदाला मिळतो. मजकूर लिहिणारा त्यांचा पोटठेकेदार असतो. म्हणून पुरातत्त्व विभागाच्या दारात ताटकळण्यापेक्षा अशा कंपन्यांना आपले नमुने पाठवा. नमुना म्हणजे साठ-सत्तर शब्दांचा फलक, मराठीत आणि इंग्रजीत. हे वाटतं तितकं सोपं नाही. प्रत्येक वाक्यामागे कुठला कागद आहे याची टिपणवही शेजारी ठेवा. २००४ साली भांडारकर संस्थेवर हल्ला झाला ते आपल्याच राज्यात, इतिहासावरून माणसं रस्त्यावर येतात हे इथे गृहीत धरूनच लिहायचं असतं. आधार हाताशी असला की घाबरून गुळमुळीत लिहावं लागत नाही.

मराठीचं दप्तर महाराष्ट्राबाहेरही पडलंय, आणि तिकडे गर्दी कमी आहे. तंजावरला सरस्वती महाल ग्रंथालयात भोसले राजांच्या काळातले मोडी कागद आहेत. तमिळ येणारा मोडी वाचक तिथे दुर्मीळ. गोव्याचं अभिलेखागार तर १५९५ पासूनचं. पांडुरंग पिसुर्लेकरांनी तिथे बसून पोर्तुगीज-मराठा संबंधांचे कागद उजेडात आणले. त्यानंतर पोर्तुगीज आणि मोडी दोन्ही वाचणारे किती झाले ते बोटांवर मोजा. तुम्ही कोकणातले असाल, वय पंचविशीच्या आत असेल, तर पोर्तुगीज शिका. यापेक्षा चांगली गुंतवणूक मला सुचत नाही.

बी.एड.चं म्हणाल तर करा, त्याने काही अडत नाही. शिक्षकी पेशात राहून सुट्ट्यांत दप्तरं लावणारी माणसं या क्षेत्राने खूप पाहिली आहेत. नाही केलंत तर पहिली दोन-तीन वर्षं प्रकल्पावर प्रकल्प असंच चालेल, हे घरच्यांना स्पष्ट सांगा.

सुरुवात अशी करा. आजूबाजूला एखादं जुनं वाचनालय, वाडा, देवस्थान, पतपेढी शोधा. शंभरेक कागदांची सूची स्वतः करा, प्रत्येक नोंदीत क्रमांक, मूळ तारीख, इसवी तारीख, कोण, कुणाला, ठिकाण, दोन ओळींत सारांश, पानं, कागदाची स्थिती. ती घेऊन पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ गाठा आणि जाणत्या माणसाकडून लाल शाईने तपासून घ्या. मुलाखतीला पदवीच्या झेरॉक्ससोबत ती तपासलेली प्रत न्या, लाल शाईसकट.

आणि पैशाचं आधी बोला. दर पानावर ठरवू नका, नोंदीवर किंवा महिन्यावर ठरवा, कारण पानावर दर ठरला की अवघड पान टाळायची सवय लागते. करारात तीन गोष्टी लेखी हव्यात: सूचीवर तुमचं नाव छापलं जाईल, दुरुस्तीच्या फेऱ्या किती, आणि मजकूर यंत्र शिकवायला वापरणार असतील तर तसं आधी सांगितलं जाईल. तिसरी अट आज फारसं कुणी घालत नाही. तुम्ही घाला.